शेवाळी सफारी

आमच्या घरात कापड विकत आणायची पद्धत नव्हती. पद्धत नव्हती म्हणजे ऐपत नव्हती, पण पद्धत म्हटलं की कानाला बरं वाटतं. आम्ही जयसिंगपूरचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. लग्न, वास्तुशांत, बारसं, मयत, काहीही असलं की लिंगायत घरांतली माणसं आमच्या वडिलांना, रुद्रय्या स्वामींना, बोलावून नेत, पाया पडत आणि निघताना नारळासोबत एक कापड हातावर ठेवत. कधी शर्टपीस, कधी पँटपीस, अगदीच कोरडं घर असलं तर टॉवेल. कापड घरी आलं की अव्वा, म्हणजे आई, त्यावरचं कुंकू झटकायची आणि ट्रंकेत टाकायची. पुढं कुणाच्या लग्नात आहेर करायची वेळ आली की त्यातलंच एक काढून द्यायची. कुठलं कापड कुणाकडनं आलंय हे तिच्या पक्कं ध्यानात असायचं, कारण ज्याचं त्यालाच परत गेलं तर जन्माची बोंब. पण देणाऱ्याला ते कुणी दिलं होतं, हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगत नसे. आमच्याकडची निम्मी कापडं अशी कात्री न लागता वर्षानुवर्षं घरोघर फिरत.

अप्पा म्हणायचे, कापड ज्याच्या नशिबाचं असतंय त्याच्याकडंच जातंय. मला ते लहानपणी खरं वाटायचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मला कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेचं मुलाखतीचं पत्र आलं. ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्रीचा शिक्षक, कायमची जागा. मी एम.एस्सी., बी.एड. होतो आणि तीन वर्षं जयसिंगपुरातच तासावर शिकवत होतो. तासावर म्हणजे रोजंदारीच, फक्त हातात फावड्याऐवजी खडू. अप्पांचे गुडघे गेले होते. कुरुंदवाडकडची लग्नं त्यांनी सोडून दिली होती. त्यांच्यामागं जंगमकी चालवायला माझी तयारी नव्हती आणि त्यांनीही ती कधी मागितली नाही. त्यांना पोरगा 'सर' व्हायला हवा होता. ही जागा मिळाली तर घर उभं राहणार होतं, नाही तर आमचं आहे ते चाललंच होतं.

पत्र आलं आणि घरात एकच प्रश्न निघाला, घालायचं काय. मुलाखतीत काय विचारतील याची चिंता एकट्या मला होती, कपड्यांची चिंता साऱ्या आळीला. थोरल्या बहिणीनं तिच्या नवऱ्याचा लग्नातला कोट पाठवून दिला. त्याच्या बाह्या माझ्या मनगटाच्या चांगल्या वर संपत होत्या. मी म्हटलं, माझा पांढरा शर्ट आणि काळी पँट आहे, तेच घालतो. अप्पा ऐकेनात. पांढरं-काळं लग्नात वाढपी घालतात, ते घालून गेलास तर तुझ्या हातात बासुंदीची बादली देतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मते मोठा माणूस म्हणजे सफारी. साखर कारखान्याचा एम.डी. सफारी घालतो, झेडपीचा सभापती घालतो, बँकेचा चेअरमन घालतो. नोकरी देणारे जे घालतात तेच घालून गेलं की त्यांना माणूस आपल्यातला वाटतो, हा त्यांचा हिशेब. त्यात काही चूक नव्हती, एवढं मी आजही म्हणतो. चूक कुठं होती ते पुढं येईल.

अव्वानं ट्रंक उघडली. वरचे टॉवेल, धोतरं बाजूला सारली आणि तळातनं एक भारी कापड काढलं. शेवाळी रंग, त्यात जवळ गेल्याशिवाय न दिसणारी तांबूस रेघ. सफारीला पुरेल एवढं. बाजारपेठेतल्या एका धान्यवाल्यानं वास्तुशांतीला दिलेलं. अव्वानं ते उलट्या हातानं चाचपलं आणि म्हणाली, एवढं चांगलं कापड या घरात आजवर आलं नव्हतं. अप्पांनी त्यावर चिमूटभर भस्म टाकलं. ते कापड कुणाला न देता तिनं कशासाठी ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं आणि माझा विरोध तिथंच संपला.

शिंप्यानं माप घेतलं आणि म्हणाला, या कापडाची एक सफारी त्यानं मागच्याच महिन्यात शिवली होती. कुणाची, ते त्याला आठवेना. आम्ही त्याचा अर्थ असा काढला की कापड चलतीतलं आहे.

मुलाखतीच्या दिवशी अप्पा मला एस.टी. स्टँडवर सोडायला आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहून माझ्याकडं नुसते बघत होते. मी हातकणंगल्यापर्यंत पाठ टेकली नाही, सफारीला सुरकुती पडेल म्हणून.

कॉलेजच्या फाटकावर ज्ञानू नावाचा शिपाई उभा होता. त्याच्या अंगात शेवाळी सफारी होती. तांबूस रेघेची. मला पहिल्यांदा वाटलं, उन्हानं डोळे फिरले. मग जीपला टेकून उभा असलेला ड्रायव्हर दिसला, तोही शेवाळी. व्हरांड्यात घंटा बडवणारा शिपाई, पाण्याच्या माठाशी बसलेला, ऑफिसातनं फायली घेऊन पळणारा, सगळे शेवाळी. संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत, त्यांच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं होतं. त्या लग्नात संस्थेतल्या सगळ्या शिपायांना आणि ड्रायव्हरांना एकाच ताग्यातलं कापड वाटलं होतं. त्यातल्या कुणी तरी ते पाहुण्याला आहेर केलं, पाहुण्यानं आणखी कुणाला, असं फिरत फिरत ते आमच्या ट्रंकेत येऊन बसलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की आपण शिपायाचा वेश करून मास्तरकी मागायला आलोय.

ज्ञानू जवळ आला आणि म्हणाला, "पावणं, नवीन लागलाय व्हय? आज मुलाखती हाईत. पाण्याचा ट्रे वर घेऊन जावा."

मी म्हटलं, मी उमेदवार आहे. त्यानं मला नखशिखांत पाहिलं, मग स्वतःकडं पाहिलं, आणि त्याला हसू आवरेना. त्यात दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा असता तर मला सोपं गेलं असतं.

बाकावर चौघे-पाचजण होते. त्यांतला एक कोट-टाय घालून आला होता, श्रेयस नाव. मी बसायच्या आतच त्यानं माझ्याकडं न बघता पाणी मागितलं. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा त्यानं पाय आखडून घेतले.

आत दादासाहेब, प्राचार्य आणि बाहेरून आलेले एक विषयाचे जाणकार होते. जाणकारांनी विचारलं, पोरांना मोल ही कल्पना कशी शिकवाल. मी म्हटलं, डझन म्हणजे बारा, मग केळी असोत की अंडी, तसंच मोल म्हणजे ठरलेली एक संख्या. त्यांना उत्तर आवडलं. आणखी तीन-चार प्रश्न झाले, तेही बरे गेले. दादासाहेब काही विचारत नव्हते, ते माझ्या छातीकडं बघत होते. मग त्यांनी गाव विचारलं, कुणाचा कोण ते विचारलं, आणि म्हणाले, "हे कापड आमच्या ताईच्या लग्नातलं. तुला कुणी दिलं?"

तोवर मी 'तुम्ही' होतो. मी खरं ते सांगितलं, की वडील जंगम आहेत, लोक कापड देतात, त्यातलं असेल. दादासाहेब मोठ्यानं हसले. म्हणाले, फिरून फिरून आमच्याच दारात आलं की. प्राचार्य हसले, कारण त्यांना हसणं भागच होतं. जाणकारांनी चष्मा पुसायला घेतला. "बरं, कळवतो," दादासाहेब म्हणाले.

बाहेर हेडक्लार्कनं मला थांबवलं आणि आत जाऊन आला. शिक्षकाची जागा श्रेयसला. तो दादासाहेबांचा भाचा, हे बाकावरच्या सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. पण लॅबमध्ये परिचराची एक जागा रिकामी होती. दादासाहेब म्हणाले होते, पोरगं हुशार हाय, ठेवून घ्या, पुढंमागं शिक्षकाची जागा निघाली की बघू. परिचर म्हणजे परीक्षानळ्या धुणारा, बर्नर पेटवून देणारा, सरांनी हाक मारली की येणारा.

मी ती जागा घेतली. कायमची होती म्हणून घेतली, अप्पांच्या गुडघ्यांपायी घेतली, अशी कारणं मी बरीच देत आलो. पण मनातलं कारण एकच होतं. सफारीनं मला शिपाई ठरवलं, म्हणून मी शिपाई झालो. पांढरा शर्ट घालून गेलो असतो तर आज मी फळ्यापुढं उभा असतो. हे मी स्वतःला रोज सांगायचो. कुणाच्या वाट्याला भाऊबंद येतात, कुणाच्या वाट्याला साडेसाती, माझ्या वाट्याला तीन-साडेतीन मीटर कापड आलं.

घरी सांगितलं, लॅबमध्ये लागलो. अप्पांना लॅब हा शब्द पुरला. दुसऱ्या दिवसापासून जयसिंगपुरात मी राजशेखर सर झालो. अप्पा सांगत सुटले की कापडानं काम केलं, अध्यक्षांची नजर कापडावरनं हलत नव्हती. हे मीच त्यांना सांगितलं होतं आणि खोटं सांगितलं नव्हतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं ते 'सर'पण मी मिरवत राहिलो. सफारी मात्र पुन्हा अंगाला लावली नाही.

आठ वर्षं गेली. श्रेयस सर दर वर्षी तेच डझनाचं उदाहरण देऊन मोल शिकवत. ते त्यांनी माझ्याकडूनच घेतलं होतं, एकदा चहा पिताना. मी मागं उभा राहून ब्युरेट धूत असायचो. दर दिवाळीला संस्थेकडून आम्हाला कापड मिळायचं, घरच्या लग्नात तर हमखास. बाकीचे शिपाई ते शिवून घालायचे. मी नाही. मी फक्त पांढरा शर्ट घालायचो, स्वतःच्या पगारातला, आणि मिळालेलं कापड घरी नेऊन ट्रंकेत फेकायचो. माझं बंड तेवढंच. ट्रंकेतनं ते पुढं कुठं जातं, याचा मी विचार केला नाही. मला काय त्याचं.

दोन हजार सहा साली विद्यार्थी वाढले आणि केमिस्ट्रीची दुसरी जागा निघाली. मी अर्ज केला. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, दार लावलं आणि अर्ज मागं घ्यायला सांगितलं. दादासाहेबांना ते आवडणार नव्हतं, शिवाय लॅब कोण बघणार. मी अर्ज मागं घेतला. ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? प्राचार्य बिचारे दाराकडं बघत बोलत होते.

मुलाखतीच्या दिवशी चहापाण्याला मला लावलं. मी ट्रे घेऊन जिन्यावर आलो आणि समोर एक पोरगा उभा. अंगात फिकट जांभळा शर्ट, पांढऱ्या उभ्या रेघांचा. त्या हिवाळ्यात दादासाहेबांच्या मुलाचं लग्न झालं होतं, त्यातलं कापड. खाली ज्ञानू जांभळा, ड्रायव्हर जांभळा, माठावरचा जांभळा. पोरगा त्यांच्याकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानं मला विचारलं, राजशेखर सर कुठं भेटतील, केमिस्ट्रीचे. मी विचारलं, कशाला. तो म्हणाला, "मी कुरुंदवाडचा, महांतेश. जयसिंगपूरच्या स्वामींनी सांगितलंय, आमचा पोरगा तिथं सर हाय, त्याला भेट. हे कापड बी त्यांनीच दिलंय, आशीर्वाद म्हणून."

"मीच राजशेखर," मी म्हटलं.

तो ट्रेकडं बघत राहिला. चांगल्या घरचा होता. खाली वाकून माझ्या पाया पडायला लागला तेव्हा मला वाटलं, हा ट्रे याच्या पायावर टाकून पळून जावं. मी फेकलेलं कापड, अप्पांनी भस्म लावून दिलेलं, याच्या अंगावर आलं होतं. मी आठ वर्षं ज्याला शिव्या घातल्या तेच मी स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात घातलं होतं.

पण एक खरं सांगतो, दुसऱ्याच क्षणी मला आनंद झाला. फार दिवसांनी झाला. कारण या वेळी मी तिथं होतो. मी त्याला हाताला धरून लॅबच्या मागच्या खोलीत नेलं आणि म्हटलं, शर्ट काढ. तो घाबरला. मी माझा पांढरा शर्ट उतरवला, त्याला सगळं थोडक्यात सांगितलं, खालची जांभळी रांग खिडकीतून दाखवली. तो म्हणाला, स्वामींनी दिलेलं हाय, उतरवून कसं चालंल. मी म्हटलं, स्वामींचा पोरगा सांगतोय, उतरव. माझा शर्ट त्याला बेतून शिवल्यासारखा बसला. कॉलर मी स्वतः सरळ केली. त्याचा जांभळा मी चढवला आणि ट्रे उचलला. जिन्यावर ज्ञानू म्हणाला, आता कसा शोभतोस. त्या दिवशी मला तेही लागलं नाही.

महांतेश आत गेला तेव्हा मी मुद्दाम चहा घेऊन आत गेलो आणि कप मांडत रेंगाळलो. त्याला तोच प्रश्न आला, मोल कसं शिकवाल. तो म्हणाला, ज्वारीच्या पोत्यातले दाणे कुणी मोजत नाही, वजन करतात, आणि वजनावरून दाणे किती ते काढता येतं, मोल तसंच. माझ्या डझनापेक्षा ते उत्तर चांगलं होतं. शेतकऱ्याच्या पोराला एका क्षणात कळेल असं. विषयाचे जाणकार पुढं सरसावून बसले. आणखी प्रश्न झाले, पोरानं एकही सोडला नाही. माझ्या हातातली किटली जड झाली होती तरी मी हललो नाही.

मग दादासाहेबांनी गाव विचारलं. कुणाचा कोण ते विचारलं. शर्टाकडं त्यांनी पाहिलंही नाही. पांढरा आहे की जांभळा, हे त्यांना बाहेर गेल्यावर विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. "बरं, कळवतो," ते म्हणाले. तोच आवाज, तीच मान वळवणं. पोरगा दारापर्यंत गेला तेव्हा ते प्राचार्यांना म्हणाले, पोरगं हुशार हाय, लॅबमधी एक हात कमीच पडतोय, ठेवून घ्या. मग माझ्याकडं वळून, "ए, त्याला हेडक्लार्ककडं घेऊन जा."

शिक्षकाची जागा दादासाहेबांच्या नव्या सुनेच्या भावाला गेली. तो त्या दिवशी चपला आणि टी-शर्ट घालून आला होता.

लॅबच्या मागच्या खोलीत मी त्याला सांगितलं की शिक्षकाची जागा गेली, परिचराची आहे, आणि आम्ही शर्ट बदलले.  महांतेशचा चेहरा लाल झाला होता. तो म्हणाला, "सर, तुमी माझं कापड उतरवायला लावलंत, तिथंच घात झाला. आशीर्वादाचं कापड होतं ते."

मी त्याला खोडून काढणार होतो. कापडाचा काही संबंध नाही, मी आत्ताच डोळ्यांनी पाहिलं, असं सांगणार होतो. शब्द तोंडाशी आले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. कापडाचा काही संबंध नव्हता. आत्ताही नव्हता आणि अठ्ठ्याण्णव सालीही नव्हता. मी कोट घालून गेलो असतो, पांढरा घालून गेलो असतो, लंगोट लावून गेलो असतो, तरी ब्युरेटच धूत बसलो असतो. आठ वर्षं मी एका निर्जीव कापडावर दात खात होतो आणि ज्यांच्यावर खायचे त्यांना चहा देत होतो.

यातलं मी त्याला काहीच सांगितलं नाही. माझ्या शर्टाला दोष देऊन त्याला घरापर्यंत जाता येणार होतं. मला तर त्या दोषावर आठ वर्षं काढता आली होती.

दारात थांबून त्यानं विचारलं, परिचराची जागा घेऊ का. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "मग तुमी का घेतलीसा?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं सकाळपर्यंत होतं. मी बर्नरची नळी गुंडाळत राहिलो. तो हेडक्लार्कच्या खोलीकडं निघाला. व्हरांड्यात ज्ञानू आणि ड्रायव्हर बोलत उभे होते. त्यांच्याजवळून तो गेला तेव्हा पाठमोरा कुठला कोण, ते सांगता येईना.

संध्याकाळी घरी गेलो तर अप्पा ओट्यावर गुडघ्यांना तेल लावत बसले होते. त्यांनी पहिलं हेच विचारलं, कुरुंदवाडच्या पोराचं काम झालं का.

"झालं," मी म्हटलं.

अप्पांनी समाधानानं मान हलवली. म्हणाले, "बघ, कापडाचा गुण असतोय." आणि आत वळून अव्वाला सांगितलं की ट्रंकेत आणखी एखादं बरं कापड असलं तर बाजूला काढून ठेव, शिरोळचं एक पोरगं पुढच्या महिन्यात मुलाखतीला जाणार हाय.